संहिता आणि वादक : फ्लॅशकालीन मराठी बहुमाध्यमी लेखनाच्या पुनर्वाचनाचा प्रश्न

१

साहित्यकृतीचे अस्तित्व नेमके कोठे असते, हा प्रश्न मराठी समीक्षेला अपरिचित नाही. बा. सी. मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम शब्दांच्या ध्वनिरूपात न शोधता त्यांच्या भावनात्मक अर्थात शोधले. या भूमिकेतून साहित्यकृती तिच्या कोणत्याही एका भौतिक प्रतीवर अवलंबून नसते, असे निष्पन्न होते. कादंबरीची एक प्रत जळाली तरी कादंबरी जळत नाही. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात चित्र आणि साहित्य यांत केलेला भेदही याच दिशेने जातो. चित्राची हुबेहूब नक्कल ही नक्कलच राहते. उलट संहितेची अक्षरशः अचूक प्रत हे मूळ कृतीचेच आणखी एक उदाहरण असते. मुद्रित साहित्यापुरता हा भेद पुरेसा ठरला, कारण वाचनासाठी संहिता आणि साक्षर वाचक यांखेरीज तिसरे काही लागत नाही, हे त्यात गृहीत होते.

संगणकाच्या पडद्यावर जन्मलेल्या बहुमाध्यमी लेखनाने हे गृहीतक मोडीत काढले. शब्द, चित्र, ध्वनी आणि हालचाल यांनी मिळून झालेली अशी कृती फाइलच्या रूपाने साठवली जाते, परंतु ती फाइल वाचकाला थेट वाचता येत नाही. तिच्यातील सूचनांनुसार ती कृती पडद्यावर घडवून आणणारा एक मध्यस्थ लागतो. संगणकाच्या परिभाषेत त्याला ‘प्लेअर’ म्हणतात. येथे त्याला ‘वादक’ म्हणता येईल. हा वादक नाहीसा झाला की फाइल अक्षुण्ण असूनही कृती मूक होते. फ्लॅश या तंत्राच्या बाबतीत असेच घडले. १९९६ साली फ्यूचरस्प्लॅश या नावाने अवतरलेले हे साधन मॅक्रोमीडिया कंपनीने विकत घेऊन फ्लॅश या नावाने पसरवले. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीच्या ताब्यात गेली. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने या तंत्राचा आधार काढून घेण्याची घोषणा केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो काढून घेतला गेला. आणि १२ जानेवारी २०२१ पासून वाचकांच्या संगणकांवर राहिलेल्या प्लेअरनेही आशय दाखवण्याचे नाकारले. एका ठरलेल्या तारखेला एक संपूर्ण लेखनप्रकार जगभर एकाच वेळी अवाच्य व्हावा, असे साहित्याच्या इतिहासात क्वचितच घडले असेल.

त्यानंतर हा आशय आजच्या ब्राउझरमध्ये पुन्हा चालवण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांतील काही यशस्वीही झाले. हे प्रयत्न सामान्यतः तंत्रज्ञांचा विषय मानले जातात. वस्तुतः त्यांत संहितेचा, पाठाचा आणि संपादनाचा प्रश्न अनुस्यूत आहे. जुनी बहुमाध्यमी कृती नव्या ब्राउझरमध्ये चालवणे हे संपादनाचे कर्म असून संपादनाची सर्व बंधने त्याला लागू होतात, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. मराठीच्या संदर्भात या प्रतिपादनाला एक वेगळी निकडही आहे.

२

मराठीतील फ्लॅशकालीन लेखनाचे स्वरूप प्रथम लक्षात घेतले पाहिजे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि देशोदेशी विखुरलेल्या मराठी वाचक-लेखकांना एक समान पृष्ठ मिळाले. या काळापासून पुढील सुमारे पंधरा वर्षांत सणासुदीची हलती शुभेच्छापत्रे, बालगीतांची चलच्चित्रे, संस्थांच्या संकेतस्थळांची सजीव प्रवेशपाने, शालेय अभ्यासक्रमावर आधारित सीडी अशा अनेक रूपांनी मराठी शब्द पडद्यावर हलू लागला, बोलू लागला. यांतील बहुतेक निर्मिती अनामिक होती. तिला प्रकाशक नव्हता, आवृत्तिक्रमांक नव्हता, आणि अर्थातच परीक्षणही नव्हते.

ही निर्मिती लुप्त होण्याची क्रिया २०२१ च्या बरीच आधी सुरू झाली होती. २००७ मध्ये बाजारात आलेल्या आयफोनवर फ्लॅश कधीच चालले नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून त्यामागची भूमिका मांडली. आणि नोव्हेंबर २०११ मध्ये खुद्द ॲडोबीने मोबाईलसाठी फ्लॅशचा विकास थांबवला. महाराष्ट्रातील वाचकवर्गाच्या दृष्टीने ही तारीख २०२१ पेक्षा कमी महत्त्वाची नाही. वसई-विरार परिसरातील चंदनसारसारख्या वस्तीत वाढलेल्या आणि आज मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आलेला पहिला संगणक म्हणजे बहुधा मोबाईलच असतो. त्याच्या दृष्टीने हे लेखन लुप्त झालेले नाही. ते त्याच्या वाचनविश्वात कधी आलेलेच नाही. पुण्या-मुंबईच्या अथवा अमेरिकेतील मराठी कुटुंबाने टेबलावरच्या संगणकावर पाहिलेली कृती आणि उपनगरातील तरुणाने मोबाईलवर कधीच न पाहिलेली कृती, यांतील अंतर हे वाचकवर्गाच्या सामाजिक रचनेचे अंतर आहे. पुनर्वाचनाचा प्रश्न म्हणूनच केवळ जतनाचा राहत नाही. ज्याला प्रथमवाचनच नाकारले गेले त्याच्याही वाचनाचा तो प्रश्न आहे.

३

मराठीच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो लिपीचा आहे. देवनागरीला युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान होते, परंतु विंडोज २००० येईपर्यंत सर्वसामान्य संगणकाला त्या संकेतांनुसार जोडाक्षरे उमटवता येत नव्हती, आणि त्यानंतरही हा वापर रुळायला अनेक वर्षे लागली. मधल्या काळात सी-डॅकचे, श्रीलिपीचे आणि इतर अनेकांचे टंक वापरात होते. त्यांतील प्रत्येकात रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. काना, मात्रा, अर्धा त, रफार हे प्रत्येक टंकात वेगवेगळ्या घरात सापडत. टंक उपलब्ध असेपर्यंत मराठी दिसे. टंक नसला की त्याच मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा निरर्थक पुंज उरे. १९९७ नंतर पानाबरोबर टंकही वाचकाकडे पाठवणारी ‘डायनॅमिक फाँट’ची सोय आली, परंतु ती विशिष्ट ब्राउझरशी जखडलेली होती, आणि ते ब्राउझर मागे पडताच तिचाही उपयोग संपला.

फ्लॅशमध्ये देवनागरीची अवस्था याहून वेगळी होती. २००८ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपूर्वी फ्लॅश प्लेअरला जोडाक्षरांची जुळणी भरवशाने करता येत नसे. म्हणून मराठी रचनाकार एक तर जुना टंक फाइलमध्येच रुतवून टाकी, किंवा शब्द लिहून झाल्यावर त्याचे रेखाकृतींत रूपांतर करून टाकी. दुसऱ्या पद्धतीत ‘शुभ दीपावली’ हा शब्दसमूह फाइलपुरता शब्द उरत नसे. तो वक्ररेषांचा समुच्चय होई.

याचे आजचे परिणाम विलक्षण आहेत. जुन्या टंकातील साधे वेबपान संग्रहात सुरक्षित राहिले असेल तर त्याचा संकेतक्रम पूर्ण असतो, पण डोळ्यांना ते अवाच्य असते. याउलट रेखाकृती झालेले फ्लॅशमधील मराठी नव्या वादकाच्या हाती पडताच पहिल्या दिवसाइतके स्वच्छ दिसते. मात्र त्यात शोध घेता येत नाही, त्यातून उद्धृत काढता येत नाही, सूची करता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाला ते ऐकवताही येत नाही. एकीकडे संहिता आहे पण अक्षर नाही, दुसरीकडे अक्षर आहे पण संहिता नाही. तंत्रदृष्ट्या जी देवनागरीची उपेक्षा होती, तिनेच तिला चित्ररूपाने तारले आणि संहितारूपाने नष्ट केले.

जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने आज आहेत. त्यांचे काम यांत्रिक वाटले तरी तात्त्विकदृष्ट्या ते निरागस नाही. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदवली जाई, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर नोंदवली जाते, कारण ती नंतर उच्चारली जाते. पहिली व्यवस्था शाईच्या क्रमाची आहे, दुसरी उच्चाराच्या क्रमाची. एकीतून दुसरीत जाताना लेखन पुन्हा वाणीच्या अंकित होते. काँक्रीट कविता लिहिणारे, मुंबईच्या आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन करणारे आणि विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांच्या कार्यात हे दोन्ही क्रम एकत्र नांदत होते. अक्षराचे दृश्यरूप हाच आशय मानणाऱ्या कवीनेच, अक्षर त्याच्या संकेतापासून अलग करणाऱ्या व्यवस्थेला तिचा सर्वपरिचित टंक दिला. फ्लॅशमधील मराठी हलत्या शब्दाची मीमांसा करताना जोशींची काव्यदृष्टी मर्ढेकरांच्या माध्यमविचारापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण तेथे शब्दाचा आकार आणि त्याची गती यांपासून अर्थ वेगळा काढता येत नाही.

४

आता वादकाकडे वळता येईल. फ्लॅश संपल्यानंतर तीन मार्ग पुढे आले. पहिला ‘रफल’ या एम्युलेटरचा. मूळ प्लेअर जे करी ते स्वतंत्रपणे, नव्याने लिहिलेल्या आज्ञावलीच्या आधारे करून दाखवणारा हा पर्यायी वादक आहे. तो ब्राउझरला जोडता येतो किंवा संकेतस्थळाच्या मालकाला आपल्या पानावर बसवता येतो; नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने आपल्या संग्रहातील फ्लॅश कृतींसाठी त्याचाच अवलंब केला. दुसरा मार्ग २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लॅशपॉइंट’ या प्रकल्पाचा. त्यात हजारो खेळ आणि चलच्चित्रे उतरवून घेऊन, आजच्या ब्राउझरच्या बाहेर, मूळ प्लेअरसह चालवण्याची व्यवस्था केलेली आहे. तिसरा मार्ग जुना ब्राउझरच जसाच्या तसा नव्या ब्राउझरच्या पोटात चालवण्याचा. २०१५ पासूनचे ‘ओल्डवेब डॉट टुडे’ हे त्याचे उदाहरण.

या तीन मार्गांत साधनांचा फरक आहेच, शिवाय कृतीविषयीच्या तीन वेगळ्या धारणाही आहेत. पहिल्या मार्गाला कृती म्हणजे सूचनांचा समुच्चय वाटतो. सूचना पाळल्या की कृती घडली. दुसऱ्याला मूळ वाद्य आवश्यक वाटते. तिसऱ्याला वाचनाचा सारा परिसर, म्हणजे खिडकीची चौकट, बटणे, पडद्याचे लहानसे क्षेत्रफळ, हा कृतीचा भाग वाटतो. नाट्यसंगीताचे पद आज कोणी गाणे, जुनी तबकडी जुन्या ग्रामोफोनवर लावणे, आणि संपूर्ण नाट्यप्रयोग त्या काळच्या रंगमंदिरासह उभा करणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. यांतील कोणताही मार्ग अप्रमाण नाही. मात्र कोणताही एक मार्ग म्हणजे मूळ कृती नव्हे.

काळाच्या अंगाने हा भेद सर्वांत तीव्र होतो. फ्लॅशच्या फाइलमध्ये दर सेकंदाला किती चौकटी दाखवायच्या ते नोंदवलेले असते. परंतु नोंदवलेली गती आणि प्रत्यक्ष गती एक नसे. जड दृश्य आले की त्या काळचे संगणक अडखळत, चौकटी रेंगाळत. शिवाय टेलिफोनच्या तारेवरून फाइल उतरेपर्यंत वाचकाला भरत जाणाऱ्या पट्टीकडे पाहत थांबावे लागे, आणि अनेक रचनाकार त्या प्रतीक्षेचीही रचना करीत. आजच्या यंत्रावर प्रतीक्षा नाही आणि अडखळणेही नाही. म्हणजे आज कृती तिच्या सूचनांशी अधिक प्रामाणिक चालते, पण तिच्या तत्कालीन अनुभवाशी कमी. दोहोंपैकी मूळ कोणते मानावे?

हा पेच मूकपटांच्या अभ्यासकांना परिचयाचा आहे. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेले मूकपट बोलपटाच्या, सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने दाखवले की पात्रे तुरुतुरु धावू लागतात, आणि गंभीर प्रसंग विनोदी होतो. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) जो अंश आज पाहायला मिळतो, त्याबाबत गतीचा प्रश्न आहेच, शिवाय तो १९१३ चा की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, असा पाठनिश्चितीचा प्रश्नही उपस्थित झालेला आहे. जुन्या तबकड्यांचेही तसेच. ध्वनिमुद्रण ७८ फेऱ्यांपेक्षा वेगळ्या गतीने झालेले असेल आणि वादन ७८ ने झाले, तर गायकाचा स्वरच बदलतो. लय हे मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातील मध्यवर्ती तत्त्व; बहुमाध्यमी कृतीत ते रूपक न राहता शब्दशः यंत्राच्या गतीशी बांधले जाते. सोलमधील ‘यंग-हे चँग हेवी इंडस्ट्रीज’ या कलावंतद्वयाची ‘डाकोटा’ ही फ्लॅश-रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. जॅझच्या तालावर पडद्यावर झपाट्याने उमटून नाहीसे होणारे शब्द, आणि वाचकाला थांबण्याची मुभा नाही. तेथे गती बदलणे म्हणजे शब्द बदलण्याइतकेच आहे.

गतीखेरीज इतरही पाठभेद उद्भवतात. फ्लॅशच्या अंतर्गत भाषेच्या पहिल्या दोन पिढ्यांतील कृती रफल बव्हंशी नीट चालवतो; २००६ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीतील गुंतागुंतीच्या कृतींत मात्र उणिवा राहतात. एखादे बटण निर्जीव होते, एखादे दृश्य येतच नाही. ज्या मजकुरासाठी टंक फाइलमध्ये रुतवलेला नव्हता, तेथे बदली टंक येतो आणि मराठीच्या जागी रोमन पुंज उमटतो. कृतीने आपला मजकूर किंवा ध्वनी दुसऱ्या ठिकाणाहून मागवला असेल आणि ते ठिकाण बंद झाले असेल, तर सुंदर चौकट उघडते व आत शून्य असते. ज्याने मूळ पाहिलेले नाही अशा वाचकाला हे शून्य रचनाकाराने योजलेले वाटण्याचा संभव आहे. पाठचिकित्सेच्या भाषेत याला लोप म्हणतात, आणि लोप हा आशय म्हणून वाचला जाणे हा पाठचिकित्सेतील सर्वांत घातक प्रमाद होय.

५

या ठिकाणी मराठी विद्येची स्वतःची परंपरा साहाय्याला येते. महानुभावांच्या ग्रंथांचा इतिहास दोन अंगांनी येथे बोधक आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची उकल होईपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ते वाङ्मय जवळजवळ अज्ञात राहिले. पोथ्या होत्या, वाचणारी किल्ली नव्हती. तेथे गोपन हेतुपूर्वक होते. फ्लॅशच्या आणि जुन्या टंकांच्या बाबतीत ते व्यापारी सोयीचे आणि अनवधानाचे फळ आहे. पण वाचकाच्या बाजूने पाहता परिणाम एकच.

दुसरे अंग अधिक महत्त्वाचे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले, अशी परंपरा आहे. त्या पुनर्रचनेत हिराइसेचा आणि इतरांचे असे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. उल्लेखनीय गोष्ट अशी की, त्या पाठकारांनी स्मरणांतील तफावत लपवली नाही. ‘वासना’, ‘शोधु’, ‘तथा’ अशा संज्ञांखाली तिची नोंद ग्रंथातच ठेवली. वि. भि. कोलते यांच्या संपादनासारखे (१९७८) पुढील काळातील कार्य या प्रामाणिक नोंदींमुळे शक्य झाले. याउलट शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीत पाठांतील गोंधळ मिटवून एक प्रमाण पाठ देण्याची दृष्टी होती. एकनाथांच्या कार्याने ग्रंथ वाचला, यात शंका नाही. मात्र त्यांनी कोणते पाठ पाहिले आणि कोणते त्यागले, हे अभ्यासकाला आज सांगता येत नाही.

फ्लॅशकालीन कृतींचे पुनर्वादन आज बहुतांशी एकनाथी पद्धतीने होत आहे. कृती चालती करून दिली जाते. ती कोणत्या वादकाने, त्याच्या कोणत्या आवृत्तीने, काय बदलून चालवली, हे वाचकाला कळत नाही. तेथे महानुभाव पाठकारांची पद्धत स्वीकारली जाणे आवश्यक आहे. अशा कृतीवर लिहिणाऱ्या समीक्षकाने ग्रंथाची आवृत्ती नोंदवावी त्याप्रमाणे वादकाचे नाव व आवृत्ती, पाहिल्याची तारीख, फाइलमध्ये नोंदवलेली गती, आणि न उमटलेले घटक यांची नोंद द्यावी. मजकूर रेखाकृतीरूप असेल तर त्याची युनिकोड संहिता तयार करून ती संपादकीय प्रत आहे, असे स्पष्ट म्हणावे. जुन्या टंकातून रूपांतर केले असेल तर मूळ संकेतक्रमही जपून ठेवावा, कारण रूपांतरातील चूक पुढे शोधण्याचा तोच एक मार्ग असतो.

६

या साऱ्या खटाटोपाला एक रास्त आक्षेप आहे. शुभेच्छापत्रे, प्रवेशपाने आणि शालेय सीडी यांत वाङ्मयीन गुणवत्ता कितीशी? त्या काळातील मराठीतील श्रेष्ठ लेखन पुस्तकांतून आणि नियतकालिकांतूनच आले, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि मूल्यमापन हे वाचनानंतर येते. सायक्लोस्टाइल केलेली साठोत्तरी अनियतकालिके प्रथम निघाली तेव्हा त्यांकडेही किरकोळ कागद म्हणूनच पाहिले गेले. कोणी तरी खाजगी संग्रहात जपलेल्या अंकांमुळे पुढे तो काळ समजून घेता आला. फ्लॅशकालीन निर्मितीतील बहुतांश भाग विस्मरणालाच योग्य ठरेल, हे संभवनीय आहे. परंतु तो निर्णय एका परदेशी कंपनीच्या वेळापत्रकाने घ्यावा आणि समीक्षेला तो घेतल्याचे कळूही नये, ही स्थिती समीक्षेला शोभणारी नाही.

व्यवस्थेच्या बाजूनेही अडथळे आहेत. ग्रंथ व वृत्तपत्रे प्रदान करण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्याने मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह देशातील मोजक्या ग्रंथालयांकडे मुद्रित प्रत पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक झाले. पडद्यावर जन्मलेली कृती त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा मिळाली, परंतु तिला अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीपासून असावी. जी कृती अंकीय रूपातच जन्मली, तिची अशी प्रत असणारच नाही. म्हणजे जिला जतनाची सर्वाधिक गरज, तीच या सवलतीच्या बाहेर राहते.

कायदा बदलेपर्यंत विद्यापीठांतील मराठी विभागांना करता येण्यासारखे एक काम आहे, आणि ते तंत्रज्ञांचे नसून भाषाभ्यासकांचे आहे. जुन्या सीडी, घरोघरच्या संगणकांतील फाइली आणि जालसंग्रहांत अडकलेली पाने यांची वर्णनात्मक सूची करणे. कोणती कृती कोणत्या वादकावर कितपत चालते याची नोंद ठेवणे. आणि ज्यांनी ही निर्मिती केली किंवा पाहिली त्यांच्या स्मृती टिपून घेणे. हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचींची शिस्त मराठीत शंभर वर्षांहून जुनी आहे; तीच येथे थोड्या फरकाने वापरता येईल. स्मृतींचे काम मात्र थांबू शकत नाही. फाइल आणखी वीस वर्षेही एखाद्या तबकडीवर राहील, आणि तोवर रफलहून अधिक कुशल वादकही येईल. पण मूळ कृती कोणत्या गतीने चालत होती, कोठे थांबत होती आणि रिकामी दिसणारी चौकट कोणत्या ओळीने भरलेली होती, हे सांगणारे वाचक तोवर असतीलच असे नाही. त्या वाचकांची साक्ष ही या वाङ्मयाची ‘वासना’ आहे, आणि ती नोंदवण्याचा काळ हाच आहे.